मधे कोणी नाही, फक्त आकाश

१९४२ सालचा पावसाळा. मुंबईत एक ट्रान्समीटर पोलिसांना चुकवत घरं बदलत फिरत होता. बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांचे सोबती त्याच्यावरून ‘काँग्रेस रेडिओ’ चालवत. ४२.३४ मीटरवरून, भारतात कुठूनतरी, एवढाच पत्ता ते श्रोत्यांना देत. यंत्राची बाजू सांभाळणाऱ्यांत नरिमन प्रिंटर नावाचे तंत्रज्ञ होते. दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर ब्रिटिश सरकारनं हौशी रेडिओवाल्यांना आपापली प्रक्षेपण यंत्रं पोलिसांत जमा करायला सांगितलं होतं. त्या बंदीच्या काळात हे चाललेलं होतं. १२ नोव्हेंबर १९४२ ला छापा पडला आणि उषाबेनना अटक झाली.

४२.३४ मीटर म्हणजे साधारण ७.०८ मेगाहर्ट्‌झ. आज भारतात ७ ते ७.२ मेगाहर्ट्‌झ हा पट्टा हौशी रेडिओला दिलेला आहे. या मंडळींच्या बोलण्यात तो ‘चाळीस मीटर’ किंवा नुसता ‘फॉर्टी’. ज्या लहरीवर बोलल्याबद्दल एके काळी तुरुंग होता, तिच्यावर आता रोज सकाळी वेगवेगळ्या राज्यांतली माणसं एकमेकांच्या गावचा पाऊस विचारतात, नव्या अँटेनाबद्दल सल्ला मागतात, कालच्या परिषदेची हकिगत सांगतात. बोलणारा शिक्षक असेल, निवृत्त बँक अधिकारी असेल, दुकानदार किंवा कॉलेजातली मुलगी असेल. यांना ‘हॅम’ म्हणतात.

हॅमच्या हातातलं यंत्र एकाच वेळी बोलू आणि ऐकू शकत नाही. बटण दाबलं की बोलायचं, सोडलं की ऐकायचं. मोबाइलची सवय झालेल्या माणसाला हे मागासलेलं वाटेल. पण मोबाइलवरून शेजारच्या इमारतीत फोन केला तरी आवाज टॉवर, केबल, एक्स्चेंज, सर्व्हर असा फिरून येतो, आणि त्यातली एकही वस्तू आपली नसते. हॅमच्या बोलण्यात असलं काहीच नाही. एक तार इथे, एक तार तिथे, आणि मधे फक्त आकाश. बोलणं पोहोचलं तर ते तुम्ही पोहोचवलेलं असतं आणि नाही पोहोचलं तर का नाही, हेही तुम्हालाच शोधून काढायचं असतं. या छंदाची सगळी गोडी इथं आहे.

आकाश मात्र रोज सारखं नसतं. जमिनीपासून साठ-नव्वद किलोमीटरवर आयनांबराचा ‘डी’ नावाचा थर असतो. दिवसा उन्हानं तो तयार होतो आणि कमी वारंवारितेच्या लहरी गिळून टाकतो. सूर्य मावळला की तो विरतो. मग लहरी त्याच्याही वरच्या, अडीचशे ते चारशे किलोमीटरवरच्या ‘एफ’ थरापर्यंत जातात आणि तिथून वळून पुन्हा जमिनीकडे येतात. म्हणून चाळीस मीटरवर दुपारी मुंबईहून चार-पाचशे किलोमीटरपर्यंतची माणसं छान ऐकू येतात आणि त्याच तारेवर रात्री युरोप उमटायला लागतो. वीस, पंधरा आणि दहा मीटरचे पट्टे याच्या उलट वागतात. ते उन्हावर जगतात. सूर्यावरचे डाग साधारण अकरा वर्षांच्या चक्रात वाढतात आणि ओसरतात. डाग वाढले की दहा मीटरवर किरकोळ शक्तीनंही समुद्रापलीकडची माणसं भेटतात आणि डाग ओसरले की तोच पट्टा आठवडेच्या आठवडे गप्प राहतो. २०२४ च्या सुमारास या चक्राचा जोर होता, तेव्हा नव्यानं परवाना काढलेल्यांची चंगळ झाली. शाळेच्या पुस्तकात एका आकृतीपुरतं भेटलेलं आयनांबर या लोकांना रोजच्या वर्तमानपत्रासारखं वाचावं लागतं.

मार्कोनीनं १२ डिसेंबर १९०१ ला आजच्या कॅनडाच्या किनाऱ्यावरच्या सिग्नल हिलवर, इंग्लंडमधल्या पोल्धूहून निघालेले मोर्सचे तीन ठिपके ऐकल्याचं जाहीर केलं, तेव्हा आयनांबर नावाची गोष्ट कुणाला ठाऊक नव्हती. लहरी सरळ रेषेत जात असतील तर त्या पृथ्वीच्या गोलाईवरून पलीकडे जाव्यात कशा, हे कोडंच होतं.

हातात मावणाऱ्या वॉकीटॉकीचा हिशोब मात्र वेगळा. तिच्या लहरी, म्हणजे १४४ ते १४६ मेगाहर्ट्‌झचा ‘दोन मीटर’ पट्टा किंवा त्याहून वरच्या, सहसा आयनांबरावरून परतत नाहीत. जवळजवळ सरळ जातात आणि क्षितिजापाशी संपतात. त्यांचं क्षितिज काढायचं एक सोपं गणित आहे. मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ घ्यायचं आणि ४.१२ नं गुणायचं, उत्तर किलोमीटरमध्ये येतं. मैदानात उभ्या माणसानं दीड मीटरवर धरलेल्या यंत्राचं क्षितिज पाच किलोमीटरवर येतं. हेच यंत्र १६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईच्या माथ्यावर नेलं की, समुद्रसपाटीच्या हिशोबानं, क्षितिज १६७ किलोमीटरवर जातं. यंत्र तेच, पाच वॉटचं, बॅटरीही तीच. उलट दरीत, एखाद्या कड्याच्या आडोशाला दोघं हाकेच्या अंतरापलीकडे गेले की एकमेकांना ऐकू येत नाहीत. सह्याद्रीत भटकणाऱ्यांनी हे गणित पाठच करून ठेवावं. खोक्यावर छापलेली ‘दहा किलोमीटर रेंज’ डोंगराला ठाऊक नसते.

उंचीचा हाच फायदा सगळ्यांना मिळावा म्हणून हॅम मंडळी उंच इमारतींवर आणि डोंगरमाथ्यांवर ‘रिपीटर’ बसवतात. रिपीटर एका वारंवारितेवर ऐकतो आणि ऐकलेलं त्याच क्षणी दुसऱ्या वारंवारितेवर जोरात बोलून दाखवतो. शहरातल्या गाडीत बसलेला माणूस त्यामुळे पलीकडच्या तालुक्यातल्या मित्राशी बोलू शकतो. यंत्राचा खर्च, बॅटरी आणि पावसाळ्यापूर्वीची डागडुजी सहसा वर्गणीतून होते.

परवाना हातात आला की बहुतेकांना पहिला प्रश्न पडतो तो अँटेनाचा, आणि इथं महागड्या खरेदीची गरज नाही, ही मोठी सोय आहे. चाळीस मीटरचा साधा डायपोल घरी होतो. १४३ ला मेगाहर्ट्‌झनं भागायचं, ७.१ नं भागलं तर वीस मीटर आणि थोडं वर उत्तर येतं. घरात वायरिंगला वापरतात त्या तारेचे दहा-दहा मीटरचे दोन तुकडे घ्यायचे, मधोमध कोॲक्स केबल जोडायची आणि दोन्ही टोकांना पीव्हीसी पाइपचे तुकडे इन्सुलेटर म्हणून बांधायचे. मग एक टोक गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीच्या कठड्याला आणि दुसरं समोरच्या नारळाला. तार मुद्दाम थोडी लांब ठेवतात, कारण कापलेली तार पुन्हा जोडण्यापेक्षा लांब तार कापणं सोपं. मग एसडब्ल्यूआर मीटर लावून दोन्ही बाजूंनी बोट-बोट कापत जायचं. मीटरवर आकडा दीडच्या खाली आला की यंत्रातून निघालेली बहुतेक शक्ती तारेत जाते आहे, परत फिरत नाही, असं समजायचं. हे जमेपर्यंत गच्चीत दुपार जाते आणि खाली उतरल्यावर सोसायटीच्या सचिवांना ही तार कशासाठी, हे समजावून सांगावं लागतं. त्यांना एकदा यंत्रापाशी बसवून ऐकवलं तर परवानगीचं काम बहुधा सोपं होतं. शहरातला खरा अडथळा वेगळाच असतो. स्वस्त एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर आणि सोलर इन्व्हर्टर यांची खरखर इतकी वाढली आहे की दूरचा बारीक आवाज तिच्यात बुडतो.

यंत्रही घरी बनवणाऱ्यांची मोठी परंपरा आहे आणि तिच्यात एका भारतीयाचं नाव जगभर आदरानं घेतलं जातं. हैदराबादचे अशहर फरहान, कॉलसाइन (लहरीवरचं ओळखनाव) व्हीयू२ईएसई, यांनी ‘बिटएक्स’ नावाचा ट्रान्सीव्हर, म्हणजे बोलणारं आणि ऐकणारं एकच यंत्र, आखला. आयात केलेले सुटे भाग परवडत नाहीत किंवा मिळतच नाहीत, ही भारतातल्या हौशी माणसाची अडचण समोर ठेवून त्यांनी तो आखला होता. बाजारात सहज मिळणारे ट्रान्झिस्टर घेतले. गुंडाळ्यांसाठी खास गाभे न वापरता नळाच्या तोटीत घालायचे नायलॉनचे वॉशर वापरले, जे प्लंबरच्या सामानाच्या दुकानात मिळतात. आराखडा सगळ्यांसाठी खुला ठेवला. युरोप-अमेरिकेतल्या, ज्यांना तयार यंत्र सहज परवडतं अशा लोकांनीही बिटएक्स बांधले, कारण स्वतः डाख दिलेल्या पाटीतून कुणाचातरी आवाज येणं म्हणजे काय, हे एकदा अनुभवायचं होतं. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत हे यंत्र प्रत्येक विद्यार्थ्यानं एकदा तरी बांधायला हवं. पुस्तकातलं मॉड्युलेशन एका आठवड्यात हाताला कळेल.

इस्रोनंही हौशी लोकांना जागा दिली आहे. ५ मे २००५ ला श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्ही-सी६ नं कार्टोसॅट-१ सोबत ‘हॅमसॅट’ हा साडेबेचाळीस किलोंचा उपग्रह सोडला. त्याच्यावरच्या दोन ट्रान्सपाँडरपैकी, म्हणजे अवकाशातल्या रिपीटरपैकी, एक भारतीय हॅमनी आणि दुसरा नेदरलँड्‌सच्या एका तरुण हॅमनं तयार केला होता. बॅटरीनं साथ सोडेपर्यंत, म्हणजे जुलै २०१४ पर्यंत, जगभरची माणसं त्याच्यावरून बोलली. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी जेमतेम किलोभर वजनाचा ‘स्वयम्’ बनवला आणि २२ जून २०१६ ला तो पीएसएलव्ही-सी३४ नं अवकाशात गेला. हॅमच्या लहरींवर छोटे निरोप साठवून पुढे पोहोचवणं हे त्याचं काम होतं. त्याच वर्षी सप्टेंबरात आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांचा ‘प्रथम’ गेला.

आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर तर हॅम रेडिओ कायमचा बसवलेला आहे. अवकाशातून हौशी रेडिओवर सर्वांत आधी बोलले ते अमेरिकेचे अंतराळवीर ओवेन गॅरियट, १९८३ साली, स्पेस शटलमधून. भारतीय अंतराळवीर शुभांशु शुक्ला यांनीही जुलै २०२५ मध्ये स्थानकावरून हॅम रेडिओद्वारे भारतातल्या शाळकरी मुलांशी गप्पा मारल्या. स्थानक तासाला सुमारे अठ्ठावीस हजार किलोमीटर वेगानं फिरत असल्यामुळे ते आपल्या डोक्यावर फार तर दहा मिनिटं असतं. तेवढ्यात मुलं रांगेत उभी राहून एकेक प्रश्न विचारतात आणि प्रत्येक प्रश्नानंतर ‘ओव्हर’ म्हणतात. १४५.८०० मेगाहर्ट्‌झवर स्थानक अधूनमधून चित्रंही पाठवतं. ती पिप-पिप आवाजांच्या रूपात येतात आणि मोबाइलमधल्या ॲपवर ओळीओळीनं उमटतात.

हे सगळं गमतीचं झालं. पण हॅमची खरी परीक्षा आपत्तीत होते. डिसेंबर २००४ मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेतल्या भारती प्रसाद आपल्या तुकडीसह अंदमानला गेल्या होत्या. बेटांवरून बऱ्याच वर्षांत कुणी हॅम बोललेलं नव्हतं, त्यामुळे जगभरचे लोक त्यांच्या आवाजाची वाट बघत होते. संपर्कांचा धडाका सुरू असतानाच २६ डिसेंबरची सकाळ उजाडली. भूकंप झाला, मागोमाग त्सुनामी आली आणि बेटांचा मुख्य भूमीशी संपर्क तुटला. पोर्ट ब्लेअरमधल्या हॉटेलात उभं केलेलं छंदाचं केंद्र तिथल्या तिथे आपत्कालीन केंद्र झालं. तुकडीतले काही जण यंत्रं घेऊन कार निकोबारला गेले आणि तिथल्या वाचलेल्या माणसांची खबर पोर्ट ब्लेअरमार्गे त्यांच्या घरच्यांपर्यंत पोहोचू लागली. तो माणूस जिवंत आहे, एवढी चार शब्दांची बातमी. ती पोहोचवायला त्या दिवशी दुसरा मार्ग फारसा उरला नव्हता.

किल्लारीचा १९९३ चा भूकंप, ओडिशाचं १९९९ चं चक्रीवादळ, भुजचा २००१ चा भूकंप, या सगळ्या वेळी हॅम आपली यंत्रं आणि गाडीच्या बॅटऱ्या घेऊन पोहोचले. पश्चिम बंगालमधले हॅम गंगासागरच्या यात्रेत हरवलेल्यांना घरी पोहोचवतात. बोलीवरून आणि आठवणीतल्या एखाद्या गावाच्या नावावरून घर शोधून काढायचं काम ते वर्षभर करतात. वीज गेली, टॉवर पडले, तरी बारा व्होल्टची बॅटरी, एक तार आणि ती वापरायला शिकलेला माणूस एवढ्यावर काम चालतं. या तिघांतला तिसरा आपत्तीच्या दिवशी घडवता येत नाही. तो आधी वर्षानुवर्षं रोज सकाळी गप्पा मारत घडलेला असतो. म्हणून छंद आणि सेवा हे दोन कप्पे इथं वेगळे करता येत नाहीत.

गप्पांनाही शिस्त असते. आधी ऐकायचं. वारंवारिता रिकामी आहे का, हे विचारायचं. मग ‘सीक्यू, सीक्यू, सीक्यू’ अशी सर्वांना हाक द्यायची आणि आपला कॉलसाइन व्हिक्टर, युनिफॉर्म असा अक्षर फोडून सांगायचा. उत्तर आलं की आवाज कसा येतो ते आकड्यांत कळवायचं: स्पष्टपणा पाचपैकी, जोर नऊपैकी. दोघांच्या बोलण्यात क्षणभर मोकळी जागा सोडायची, कारण मधेच कुणाला तातडीचा निरोप द्यायचा असेल. जागेला ‘क्यूटीएच’, दुसऱ्या केंद्रांच्या व्यत्ययाला ‘क्यूआरएम’, शुभेच्छांना ‘सेव्हंटी थ्री’ हे शब्द तारायंत्राच्या काळापासून चालत आले आहेत. संपर्क झाल्याचा पुरावा म्हणून ‘क्यूएसएल’ कार्ड पाठवतात. पोस्टकार्डाएवढ्या त्या कार्डावर तारीख, वेळ आणि लहरीचा आकडा असतो, मागे बहुधा गावाचं एखादं चित्र. जुन्या हॅमच्या घरी अशा कार्डांच्या पेट्या सापडतात आणि त्यात आता नकाशावर नसलेल्या देशांचीही कार्डं असतात. धंद्याचं बोलणं, गाणी वाजवणं, गुप्त सांकेतिक भाषेत बोलणं या लहरींवर चालत नाही. मोठेपणाही चालत नाही. राजीव गांधींचा कॉलसाइन व्हीयू२आरजी होता, पण लहरीवर तेही इतरांसारखे एक हॅम.

नव्या पिढीचा ओढा संगणकाकडे आहे आणि त्याचीही सोय झाली आहे. १९९३ चे भौतिकशास्त्राचे नोबेल विजेते जो टेलर हे स्वतः हॅम. त्यांनी स्टीव्ह फ्रँके यांच्याबरोबर २०१७ मध्ये ‘एफटी८’ ही पद्धत आणली. पंधरा-पंधरा सेकंदांच्या आळीपाळीनं जाणारे छोटे संदेश ती गोंगाटाच्याही खाली गेलेल्या संकेतातून वेचून काढते. पाच वॉटवर दुसऱ्या खंडात पोहोचणं तिच्यामुळे सोपं झालं. माणसाच्या आवाजातली ओळख मात्र तिच्यात नाही, हेही खरं.

हॅमसारखी परीक्षा न देता दुतर्फा रेडिओची मजा अमेरिकेनं सर्वांत मोठ्या प्रमाणावर घेतली. १९७३ च्या तेलटंचाईनंतर वेगमर्यादा आली आणि ट्रकवाले २७ मेगाहर्ट्‌झच्या ‘सिटिझन्स बँड’वर एकमेकांना पंप आणि पोलीस कुठे आहेत ते सांगू लागले. बघता बघता सारा देश टोपणनावं घेऊन त्यात उतरला. तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांचं टोपणनाव ‘फर्स्ट मामा’ होतं. गर्दी इतकी झाली की १९७७ मध्ये तेवीसच्या चाळीस वाहिन्या कराव्या लागल्या. भारतातही २७ मेगाहर्ट्‌झचा पट्टा पाच वॉटपर्यंत परवानामुक्त आहे, पण त्यावर असा मेळा कधी भरला नाही.

ट्रेकसाठी किंवा मुलांसाठी वॉकीटॉकी घेणाऱ्यांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. परवान्याविना वापरायची हातातली वॉकीटॉकी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्‌झ या पट्ट्यातली, कमी शक्तीची आणि सरकारी उपकरण-मान्यता असलेली हवी. ऑनलाइन बाजारात स्वस्तात दिसणारी अनेक यंत्रं पोलीस, अग्निशमन आणि विमानांच्या आसपासच्या लहरींवरही बोलू शकतात. ती परवान्याविना चालू करणं हा गुन्हा आहे, आणि कुणाच्या तरी जिवाशी खेळही.

रीतसर हॅम होणं त्या मानानं अवघड नाही. वयाची बारा वर्षं पूर्ण हवीत. अर्ज दूरसंचार विभागाच्या ‘सरल संचार’ पोर्टलवर करता येतो. परीक्षेत रेडिओचं मूलभूत तंत्र आणि नियम असतात; शिक्षणाची अट नाही. मर्यादित परवान्याला, म्हणजे व्हीयू३ ला, मोर्स लागत नाही आणि शॉर्टवेव्हवर पन्नास वॉटपर्यंत मुभा मिळते. सर्वसाधारण परवान्याला, म्हणजे व्हीयू२ ला, मिनिटाला आठ शब्दांच्या वेगानं मोर्स यावं लागतं आणि मर्यादा चारशे वॉटपर्यंत जाते. परवाना हाती येण्यात मात्र वेळ जातो. हौशी माणसांना इतकी महिनोन्‌महिने वाट पाहायला लावणं सरकारनं थांबवायला हवं.

तोवर ऐकायला कुणाची हरकत नाही. नेदरलँड्‌समधल्या ट्वेंटे विद्यापीठातल्या हौशी रेडिओ क्लबनं आपला शॉर्टवेव्ह रिसीव्हर इंटरनेटवर सर्वांसाठी खुला ठेवला आहे. आज रात्री जेवण झाल्यावर तो मोबाइलवर उघडा, ७.१ मेगाहर्ट्‌झच्या आसपास जा, ‘एलएसबी’ हा पर्याय निवडा आणि खरखरीतून माणसाचा आवाज स्पष्ट होईपर्यंत आकडा हळूहळू सरकवा. आवडलं तर जवळचा हॅम क्लब शोधा आणि एखाद्या रविवारी मुलांना घेऊन तिथं जा.